शब्दचर्चा : ‘तीन ओळींचा व्हिप’ की ‘तीन रेघांचा’?

खडू
शाळकरी मुलांसाठी संसदीय पद्धतीवरच्या पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. व्हिप म्हणजे सभागृहात हजर राहण्याबद्दल आणि मत देण्याबद्दल पक्षाने आपल्या सदस्यांना दिलेला लेखी आदेश. त्यातल्या ‘थ्री-लाइन व्हिप’साठी ‘तीन ओळींचा पक्षादेश’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ‘ओळींचा’ खोडून ‘रेघांचा’ केलं. वर्तमानपत्रांत तर ‘तीन ओळींचा व्हिप’ असंच असतं. काय ठेवावं? शिवाय त्याच पानावर ‘मुख्य प्रतोदाने प्रतोद बजावला’ असं वाक्य आहे. यातला आदेश बजावणारा माणूस कोणता आणि आदेशाचा कागद कोणता, हे मुलांना कसं कळणार?

दौत
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. या रेघा मजकुराच्या खाली ओढलेल्या असतात. एक रेघ म्हणजे मतदान आहे एवढी सूचना, दोन म्हणजे हजर राहा, तीन म्हणजे हजर राहा आणि पक्ष सांगेल तसंच मत द्या. मजकूर दहा ओळींचा असला तरी रेघा तीनच. ‘ओळींचा’ वाचलं की मुलं वाक्यं मोजत बसतील.

पारावरून
‘ओळ’ म्हणजे फक्त लिहिलेली ओळ असं कुठे आहे? ‘वहीत ओळी आखून घे’ असं घरोघर म्हणतात. रूढ झालेला शब्द मोडून काय मिळवायचं?

दौत
पण वही विकत घेताना मुलं काय म्हणतात? एकरेघी, दुरेघी, चाररेघी. मग ‘तिरेघी पक्षादेश’ म्हणा. मुलांच्या हातातलाच शब्द आहे, समजावून सांगावा लागणार नाही.

उंबरा
‘तिरेघी’ छान आहे. माणसासाठी ‘प्रतोद’ आणि कागदासाठी ‘पक्षादेश’ ही विभागणी मात्र पुस्तिकेत काटेकोर पाळा. 11 मे 2023 च्या महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद राजकीय पक्षाने नेमायचा, विधिमंडळ पक्षाने (म्हणजे नुसत्या निवडून आलेल्या आमदारांच्या गटाने) नव्हे, असं सांगितलं. तिथे ‘प्रतोद’ म्हणजे माणूसच. आणि गंमत बघा, संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, ‘व्हिप’ हा शब्दच नाही. तिथे पक्षाचा किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीचा ‘निदेश’ आहे, म्हणून कायद्याच्या अंगाने ‘पक्षादेश’ जास्त जवळचा. रेघांचाही तिथे उल्लेख नाही.

संहिता
‘प्रतोद’ वर कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. मूळ संस्कृत धातू तुद्, टोचणे. याच धातूवरून संस्कृत धातूंच्या सहाव्या गणाला (गटाला) तुदादि गण म्हणतात. गीताध्यानात ‘तोत्रवेत्रैकपाणये’ आहे, त्यातलं ‘तोत्र’ याच धातूचं. म्हणजे प्रतोद ही खरी बैलाला टोचायची पराणी. इंग्रजीतला शब्द आला शिकारी कुत्र्यांचा कळप एकत्र ठेवणाऱ्या माणसावरून. त्याच्या हातात चाबूक, म्हणून खरा प्रतिशब्द ‘आसूड’ व्हायला हवा होता.

पारावरून
‘मुख्य आसूड’ ही पाटी कोणत्या दालनावर लावणार? हिंदीवाल्यांनी ‘सचेतक’ केलं, आपण ‘प्रतोद’, आणि दोन्ही रुळले. कागदाला लोक ‘व्हिप’ म्हणतात, तर ‘व्हिप’च राहू द्या.

संहिता
राहू द्या, पण निदान क्रियापद मराठी ठेवा. ‘व्हिप जारी केला’ हिंदीतून आलं. आपल्याकडे व्हिप ‘काढतात’ आणि सदस्यावर ‘बजावतात’. काढला पण बजावला नाही, यावरच वाद होतात.

उंबरा
खडू, पुस्तिकेत ‘तटस्थ’ कसा वापरला आहे? विरोधात मत देणं एवढाच पक्षादेशाचा भंग नाही. आधी परवानगी न घेता मतदानापासून दूर राहिलं, आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तरी अपात्रतेचा, म्हणजे सदस्यत्व जाण्याचा, प्रश्न येतो. ‘तटस्थ’ लिहिलं की मुलांना वाटेल, बाजू घेतली नाही म्हणजे सुटलो.

दौत
‘तटस्थ’ आणि ‘गैरहजर’ यांतही फरक दाखवा. 30 नोव्हेंबर 2019 ला विधानसभेत विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली : बाजूने 169, विरोधात शून्य, तटस्थ 4. भाजपचे आमदार सभात्याग करून आधीच बाहेर पडले होते, ते त्या चारांत नाहीत. तटस्थ म्हणजे आत राहून मोजला गेलेला. लोकसभेतल्या मतदान यंत्रावरही तटस्थतेसाठी वेगळं बटण आहे.

पारावरून
‘शिरगणती’ कशाला, ‘मतविभागणी’ म्हणा.

दौत
दोन्ही एक नाहीत. आधी आवाजी मतदान : अनुकूल असतील त्यांनी ‘होय’, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. त्या निकालाला कोणी हरकत घेतली तर मतविभागणी. ती यंत्राने करता येते किंवा सदस्यांना उभं करून, ओळीने मोजून. ही दुसरी रीत म्हणजे शिरगणती.

खडू
इथे ‘ओळीने’ चालतं ना?

संहिता
चालतं, ती बाकांची ओळ आहे. पण ‘शिरगणती’ की ‘शिरगणना’? जनगणनेच्या जुन्या अर्थाने दोन्ही वाचले आहेत.