मदत हवी आहे: डिझाइन आणि वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे) एकाच सत्रात कसं बसवायचं?

बी.आर्क.च्या (आर्किटेक्चरची पदवी) 10 सत्रांपैकी एक ऑफिस ट्रेनिंगमध्ये जातं, म्हणून उरलेल्यांत गर्दी होते. खरी अडचण एकच: डिझाइन शेवटपर्यंत बदलतं आणि वर्किंग ड्रॉइंगचे शीट पुन्हा काढावे लागतात. साधा जिना घ्या. मजल्याची उंची 3 मीटर, रायझर (एका पायरीची उंची) 150 मिमी, म्हणजे 20 रायझर, दोन फ्लाइटमध्ये (जिन्याच्या सलग टप्प्यांत) 10-10. उंची 3.3 मीटर केली की 22 होतात, म्हणजे 11-11; 300 मिमी ट्रेडमुळे (पायरीवर पाय ठेवायची जागा) प्रत्येक फ्लाइट 300 मिमी लांबते, मग कॉलम, बीम, सेक्शन (इमारतीचा उभा छेद) सगळंच सरकतं!

मजल्याची उंची, कॉलम ग्रिड (खांबांच्या जागांची आखणी) आणि टॉयलेटचे डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) कितव्या आठवड्यात पक्के करता? की वर्किंग ड्रॉइंगसाठी मागच्या सत्राचं पूर्ण झालेलं डिझाइन घेणंच बरं? शिकवणाऱ्यांनी आणि नुकतं पास झालेल्यांनी कृपया आठवडेवार सांगा.