पांढरा घोडा रोलवर यायचा, डिजिटलवर का येत नाही?

शहादेकर_नाना:
राम राम मंडळी. शहाद्याला बत्तीस वर्षं स्टुडिओ चालवला. निकॉन एफएम-टू हा रोलचा कॅमेरा, 50 ची लेन्स आणि मागच्या खोलीत लाल दिव्याची डार्करूम. लग्नाचं डिजिटल काम मुलगा बघू लागला तरी माझे स्वतःचे फोटो मी रोलवरच काढत राहिलो. आता रोल परवडत नाही, म्हणून मुलाने त्याचा जुना निकॉन डी-7200 हा डिजिटल कॅमेरा मला दिला. माझी 50 ची लेन्स त्याला बसते, उजेड मोजणारा मीटरही चालतो.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. घोडेबाजारात सकाळी अकराच्या उन्हात एक पांढराशुभ्र घोडा उभा होता. नुकताच धुतलेला, आयाळीतून पाणी निथळतंय, मानेवरची शीर टरारलेली. आयएसओ 100, एफ-11, 125 चा शटर. उन्हात एफ-16 चा हिशोब, पण निगेटिव्हला एक स्टॉप जास्त, म्हणजे एफ-11 ने दुप्पट उजेड, दिलेला बरा, हे हातात बसलेलं आहे. निगेटिव्ह जाड आली तर प्रिंट काढताना एन्लार्जरखाली पुठ्ठ्याला भोक पाडून मानेवर दहा सेकंद जादा उजेड द्यायचो, की शीर अन् शीर कागदावर उतरायची.

इथे घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं तर पाठ आणि मान म्हणजे कोरा कागद. मुलाने उजेड कमी करून दिला. मान राखाडी झाली, पण एक केस दिसेना. असा घोडा पुन्हा वर्षभर दिसायचा नाही, जीव हळहळला.

दुसरं म्हणजे, यात्रेला मी दोन रोल न्यायचो, बहात्तर फोटो, आणि रोल धुण्याआधी प्रत्येक फ्रेम डोळ्यासमोर असायची. यंदा 640 काढले. घोडा सोडला तर एकही आठवत नाही. तुम्ही लोकांनी हे कसं जमवलं?

जळगाव_स्लाइडवाला:
नाना, कधी स्लाइडचा (निगेटिव्हऐवजी थेट चित्र देणारा) रोल वापरलाय? डिजिटल तिच्या जातीचं आहे. निगेटिव्हवर प्रकाश जास्त पडला तर ती दाट होत जाते, पण तपशील बराच धरून ठेवते. फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरचा प्रत्येक ठिपका एका मर्यादेपर्यंत भरतो, त्यापुढे सगळं सारखंच पांढरं. तिथे काही नोंदलंच गेलं नाही, तर पुठ्ठ्याचं भोक काय काढणार? निगेटिव्हला सावली बघून एक्स्पोजर द्यायचो, इथे उजेड बघून द्यायचं.

स्पॉट मीटर, म्हणजे एका ठिपक्याचाच उजेड मोजणारा, लावा, घोड्याच्या उन्हातल्या मानेवर धरा. मीटर तिला मधला राखाडी समजेल, म्हणून तिथून दीड स्टॉप वाढवा. बास, त्याहून जास्त नको. फाइल रॉ ठेवा, म्हणजे सेन्सरने नोंदलेलं तसंच राहतं, जेपेग नको. मेनूत हायलाइटची (उजळ भागाची) खूण चालू केली की जळालेला भाग पडद्यावर लुकलुकतो. ती खूण जेपेगच्या हिशोबाने असते, रॉमध्ये थोडं जास्त शिल्लक असतं, पण त्या भरवशावर राहू नका.

धुळ्याचा_भाऊ:
नाना, मन्हं बी असंच व्हयनं व्हतं. आयएसओ 100 ला या कॅमेऱ्यात सावली नंतर बरीच वर काढता येते, म्हणून शंका आली तर कमीच द्या. शेजारी काळा घोडा असला तरी.

640 चं म्हणाल तर आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवा. टेबलावर वस्तू मांडून, प्रकाश बसवून फोटो घडवायचे. आधी डोळ्यात चित्र, मग बटण. मी अजून 36 फोटो झाले की कॅमेरा गळ्यात ठेवून चहा घेतो. पडदा बंद असतो, घरी गेल्यावरच बघतो.

जळगाव_स्लाइडवाला:
पडदा बंद करू नका हो. पहिल्या फोटोनंतर एकदा लुकलुक बघा, मग खुशाल बंद करा. आणि त्या कॅमेऱ्यावर 50 ची लेन्स 75 सारखी, म्हणजे जवळून काढल्यासारखी, दिसते. यात्रेच्या गर्दीत मागे सरकायला जागा नसते, तेव्हा 35 ची बघून ठेवा. यात्रेच्या धुळीत लेन्स बदलू नका. सेन्सरवर कण बसला की एफ-16 ला आभाळात काळे डाग दिसतात.

शहादेकर_नाना:
आज करून पाहिलं. अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग पडलाय, उन्हात डोळे दिपतील असा. त्याच्यावर स्पॉट धरला, दीड स्टॉप वाढवला, रॉ ठेवली. एफ-16 ला 125. लुकलुक नाही. मोठं करून पाहिलं तर बोंडातल्या धाग्याला चिकटलेली वाळक्या पाल्याची पत्ती दिसली, तिची सावलीसुद्धा. मग मुद्दाम एफ-11 लावून पाहिलं, तर अर्धा ढीग लुकलुकायला लागला. तीस वर्षं जो एक स्टॉप मला सांभाळत आला, तोच इथे घोडा खाऊन गेला.

छत्तीसचं भाऊंचं पटलं. उद्या पहाटे प्रकाशा गावाला तापीच्या पुलावर जातोय, छत्तीसच काढणार. आता एवढं सांगा, रॉवरून मॅट कागदावर चांगली प्रिंट जळगाव-धुळ्याकडे कुठे निघते? पडद्यावर बघून माझं समाधान होत नाही.