केनियातील मक्याच्या नोंदी: बिंदू बांधावरचा चालेल का?

किसुमूवासी:
पश्चिम केनियातील बुसिया आणि काकामेगा या भागांत उपग्रहाधारित पीक-नकाशासाठी क्षेत्रीय नोंदी गोळा करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मार्चमध्ये सुरू होणाऱ्या मोठ्या पावसाळ्यात येथे मुख्यतः मका असतो आणि बहुतेक शेतांत त्याच्या जोडीला घेवडा असतो. (मक्याला स्वाहिलीत ‘महिंदी’ म्हणतात आणि भारतीय माणसाला ‘म्हिंदी’, त्यामुळे पहिला आठवडा लोक माझ्याविषयी बोलत आहेत की पिकाविषयी, हेच मला उमगत नव्हते.) आमचे सर्वेक्षक स्थानिक तरुण असून ते मोटारसायकलवरून फिरतात आणि फोनमधील ॲपमध्ये पीक, छायाचित्र व जीपीएस बिंदू नोंदवतात. परवा सर्व बिंदू उपग्रहचित्रावर टाकले, तेव्हा निम्म्याहून अधिक बिंदू रस्त्यावर किंवा बांधावर पडलेले दिसले. ते घरबसल्या शेतात सरकवले तर चालतील का? शिवाय, मका आणि घेवडा एकत्र असल्यास पिकाच्या रकान्यात काय लिहावे?

दहामीटर:
सरसकट सरकवू नका. सेंटिनेल-२ उपग्रहाचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, १० मीटरचा असतो. आपल्या भाषेत वीस गुंठ्यांचे शेत धरले, तर त्यात जेमतेम वीस पिक्सेल बसतात आणि त्यांतले कडेचे पिक्सेल शेजारचे पीक, पायवाट किंवा झाडाची सावली यांनी भेसळलेले असतात. पिके वेगळी ओळखायला फार उपयोगी पडणाऱ्या रेड-एज पट्ट्यांचा (लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा प्रकाश टिपणाऱ्या) पिक्सेल तर २० मीटरचा, म्हणजे त्याच शेतात ते पाचच मिळतात. नकाशा बनवणारा संगणक या नोंदींवरूनच पिके ओळखायला शिकतो, आणि अशा ठिकाणी बांधावरचा बिंदू त्याला मक्याच्या नावाखाली रस्ता शिकवतो.

ज्या नोंदीच्या छायाचित्रावरून शेत रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे निर्विवाद कळते, तेवढ्याच सरकवा. नासाच्या शेतीविषयक कार्यक्रमाने, नासा हार्वेस्टने, पश्चिम केनियात हेल्मेटवर कॅमेरे लावून पिकांची छायाचित्रे टिपली, तेव्हा त्यांनाही रस्त्यावरचे बिंदू शेतात न्यावे लागले. त्या कामात अग्रभागी असलेल्या कॅथरीन नाकालेंबे या मूळच्या युगांडाच्या असून २०२० चा आफ्रिका फूड प्राइझ त्यांना विभागून मिळाला. ती पद्धत वेगवान आहे, पण रस्त्यापासून लांबची शेते तिच्यात येत नाहीत, हे विसरू नये.

यापुढे सर्वेक्षकाने शेताच्या मध्यावर उभे राहावे आणि फोनवर दिसणारी अचूकता ५ मीटरच्या आत आल्यावरच नोंद जतन करावी. आंतरपिकासाठी दोन रकाने ठेवा. एप्रिल-मेमध्ये ढगांमुळे चित्रे कमी मिळतात, तेव्हा ढगांतूनही पाहू शकणारे सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडार जोडीला घ्या. आणि केवळ मक्याच्याच नोंदी घेऊ नका. तिकडे ऊस आणि हत्तीगवत पुष्कळ आहे, पडीक रानही आहे. ‘मका नाही’ म्हणजे नेमके काय, हे संगणकाला दाखवले नाही तर तो हत्तीगवतालाही मका ठरवील.

निवृत्त सांख्यिक:
मी महाराष्ट्रात अनेक वर्षे पीक कापणी प्रयोगांवर (शेतातला मोजलेला तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याच्या कामावर) देखरेख केली, म्हणून आपण न विचारलेल्या एका गोष्टीविषयी लिहितो. पुढे उत्पादनाचा अंदाज काढणार असाल, तर कापणीचा तुकडा फार लहान घेऊ नका. मूळचे सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिले होते की लहान तुकड्यावरून काढलेले उत्पादन फुगते. कारण साधे आहे: तुकड्याभोवती ताणलेल्या दोरीवर आलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की हात आपोआप ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी. मी स्वतः एका भरल्या कणसासाठी दोरी बोटभर सरकवणारा कर्मचारी पाहिला आहे. त्याच्या मनात काही खोट नव्हती. तेव्हा आधी यादृच्छिक अंकांनी कोपरा ठरवावा, खुंट्या ठोकून दोरी ताणावी आणि मगच पिकाकडे पाहावे. शेतकऱ्याने सांगितलेल्या क्षेत्रावरही विसंबू नये. कडेने फिरून मोजावे.

कंपालाकर:
एक व्यवहाराची बाब. शेतात आत जायचे म्हणजे आधी घरी जाऊन विचारणे आले, आणि सर्वेक्षक रस्त्यावर थांबतात ते बहुधा याच कारणाने. जमिनीच्या सीमा मोजणारा परका माणूस दिसला की करवसुलीची किंवा जमीन जाण्याची शंका येणारच. गावच्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्यावे, हेतू स्वाहिलीत किंवा स्थानिक भाषेत सांगावा आणि संमती नोंदवावी. केनियात २०१९ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आहे. दर नोंदीमागे मोबदला ठरला असेल, तर तो प्रथम बदला. नगावर पैसे मिळत असतील, तर शेतात कोण उतरेल?

किसुमूवासी:
सर्वांचे आभार. मोबदला नगावरच होता, आणि तो मीच ठरवला होता. उद्यापासून दिवसाच्या हिशोबाने देत आहोत. छायाचित्रे तपासून ज्यांची बाजू स्पष्ट आहे तेवढे बिंदू सरकवतो. उरलेल्या शेतांवर मक्याला तुरा आहे तोवर पुन्हा जावे लागेल. कापणीच्या तुकड्याविषयी स्वतंत्रपणे विचारीन, कारण दोरी आमच्याकडे अजून आलेलीच नाही.