मदत हवी: नागपूर-उमरेड रेडिओवरून मजकूर पाठवायचा आहे, सेट कोणता आणि इंटरफेस कोणता घेऊ?

प्रतापनगर_हॅम:
नमस्कार मंडळी. हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स आहे, आतापर्यंत फक्त आवाजावर बोललो, आता डेटा मोडमध्ये उतरायचं आहे आणि पैसे घालायच्या आधी ज्यांनी हे हातानं केलंय त्यांना विचारून राहिलो आहे.

काहून करायचं तेही सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ ला रात्री अंबाझरी ओव्हरफ्लो झाला तेव्हा माझी आत्या अंबाझरी लेआउटमध्ये होती, घरात पाणी, लाईन गेलेली, फोन लागेना. माझ्याकडे हँडी (हातातला रेडिओ सेट) होता, आमच्या ग्रुपमधले दोघंतिघं ऐकतही होते, पण औषधाचं नाव, डोस, घर नंबर हे सगळं खरखरीत आवाजात तीनतीनदा सांगावं लागत होतं आणि समोरचा लिहून घेताना कुठे ना कुठे चुकत होता. तेव्हापासून मनात आहे की असा मजकूर टाईप होऊन जसाच्या तसा पोचला पाहिजे, मधे इंटरनेट नको, टॉवर नको.

सोबतीला उमरेडचा माझा कॉलेजचा मित्र आहे, त्याच्याकडेही लायसन्स आहे. माझ्याकडे सध्या बाओफेंग यूव्ही-५आर हा हँडी, एक जुना लॅपटॉप आणि रास्पबेरी पाय ३ आहे. चार मजली इमारतीच्या गच्चीवर अँटेना लावायची सोसायटीची परवानगी मिळाली आहे. बजेट चाळीस हजारापर्यंत, सेकंडहँड चालेल. व्हिडिओ बघितले तर कोणी म्हणते हँडीला केबल लावा झालं, कोणी म्हणते सिग्नलिंक घ्या, कोणी डिजिरिग (दोन्ही सेट आणि संगणक जोडणारे तयार इंटरफेस), कोणी थेट आयकॉमचा आयसी-७३०० सेट. माझा प्रश्न एवढाच की या कामासाठी आधी पैसा कशावर टाकू?

गच्चीवरचा_यागी:
भाऊ, डबा कोणता ते नंतर, आधी रस्ता बघा. प्रतापनगर ते उमरेड सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर भरते. व्हीएचएफचं, म्हणजे हँडीच्या लहरींचं, क्षितिज (त्या साधारण कुठवर पोचतात ते) काढायचा सोपा हिशोब आहे, दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, त्यांची बेरीज करायची आणि ४.१२ नं गुणायचं. तुमची गच्ची १५ मीटर धरली आणि मित्राची अँटेना १० मीटरवर, तर उत्तर येते २९ किलोमीटर. म्हणजे दहाबारा किलोमीटर कमीच पडतात. दोन्हीकडे पाचसहा एलिमेंटची (आडव्या दांड्यांची) यागी, म्हणजे एका दिशेनं रोखलेली अँटेना, दोन्ही उभ्या पोलरायझेशनमध्ये (दांड्या उभ्या ठेवून), आणि २५-५० वॉटचा मोबाईल सेट (गाडीत बसवायचा रेडिओ) असेल तर क्षितिजाच्या थोडं पलीकडेही निघू शकते, पण हँडीच्या रबर अँटेनावर उमरेड विसरा.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. साधा पॅकेट म्हणजे मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवायची एएक्स.२५ पद्धत, वेग १२०० बॉड, त्यात चूक पकडता येते पण दुरुस्त करता येत नाही. एक बिट बिघडला की सॉफ्टवेअर अख्खं पॅकेट फेकून देते. आवाजात आपला कान खरखर गाळून अर्थ लावतो, इथे तसं होत नाही. म्हणून आधी आवाजावर टेस्ट करा, मागची खरखर जवळपास पूर्ण दबली तरच पॅकेटची आशा धरा. डायरवुल्फ हे पॅकेटचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर त्यात एफएक्स.२५ आणि आयएल२पी हे पर्याय आहेत, ते चूक दुरुस्त करणारे जादा बिट सोबत पाठवतात. दोन्ही टोकांना चालू ठेवा, काठावरच्या सिग्नलला फरक पडतो.

पॅकेट_पाटील:
वरच्या भाऊंचं बरोब्बर आहे. मी इंटरफेसबद्दल सांगतो कारण लोक तिथेच अडकतात.

हँडी आणि नुसती ऑडिओ केबल, पीटीटी (सेट ट्रान्समिटवर टाकणारं बटण) व्हॉक्सवर (आवाज ऐकून आपोआप), हे टेबलावर दोन हँडी ठेवून शिकायला ठीक आहे, त्याच्या पुढे नाही. व्हॉक्सला आवाज ऐकून सेट ट्रान्समिटवर टाकायला वेळ लागतो, तेवढ्यात पॅकेटचं डोकं कापलं जाते, आणि पॅकेट संपल्यावरही तो सेट थोडा वेळ सोडत नाही, त्यात समोरून आलेली पोच बुडते. मग दोन्ही स्टेशनं एकमेकांना तेच तेच पाठवत बसतात. पीटीटीची वेगळी तार हवीच. स्वस्तात करायचं तर सीएम१०८ चिपचं यूएसबी साउंड कार्ड घ्या, त्या चिपच्या एका पिनेवरून एका ट्रान्झिस्टरनं पीटीटी चालवता येतो आणि डायरवुल्फला ते थेट समजते. सोल्डरिंग जमत असेल तर सीताबर्डीच्या बाजारात सुटे पार्ट घेऊन घरी होते. नसेल जमत तर डिजिरिग घ्या, ते तेच काम नीट करते; सिग्नलिंक मात्र आतून आवाज ऐकूनच पीटीटी चालवतो.

यूव्ही-५आर वर शिकताना बॅटरी सेव्हर बंद, दोन चॅनेल आलटून पालटून ऐकणं बंद, रॉजर बीप बंद, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सेटिंग) पूर्ण उघडा. लेव्हल हा खरा खेळ आहे. डायरवुल्फमध्ये प्रत्येक पॅकेटसोबत ऑडिओ लेव्हल दिसते, ती ५० च्या आसपास आणा. लोक पाठवताना आवाज वाढवतात, मग टोन चेपटून जातात, ऐकायला एकदम दणदणीत वाटते आणि डिकोड शून्य. अँटेना लॅपटॉपच्या शेजारी ठेवली तर आरएफ (रेडिओ लहर) यूएसबीत शिरून पीटीटी अडकूनच बसते, तेव्हा अँटेना लांब न्या आणि केबलीवर फेराइट (ती लहर अडवणारं कडं) चढवा.

सेट घेताना मागच्या बाजूला सहा पिनांचं डेटा सॉकेट आहे का तेवढं बघा. केनवूड टीएम-व्ही७१, यायेसू एफटी-७९००, एफटी-८९०० यांना आहे. त्यात १२०० बॉडसाठी वेगळी पिन आणि ९६०० बॉडसाठी वेगळी पिन असते. माइक-स्पीकरच्या वाटेवर सेट आवाजाचा पोत बदलतो, १२०० ते सहन करते, ९६०० ला थेट रस्ता हवा. उद्या व्हारा एफएम हे डेटा सॉफ्टवेअर वाईडमध्ये चालवावं वाटलं तरी तीच ९६०० ची पिन लागेल.

नवीन_लहर:
एवढं सगळं करण्यापेक्षा लोरा (कमी पॉवरचा डेटा रेडिओ) का नाही घेत? बोर्ड दोन हजारात येते, फोनला जोडायचं आणि मेसेज सुरू. युरोपात ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर लोक एपीआरएस (ठिकाण आणि छोटे मेसेज पाठवायची हॅम पद्धत) पण चालवतात.

पॅकेट_पाटील:
दादा, लोरा चांगलंच आहे, पण ती फ्रिक्वेन्सी इथे हॅम म्हणून वापरू नका. आपल्याकडे ७० सेंटीमीटरचा हॅम बँड ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे, ४३३.७७५ त्याच्या बाहेर पडते. लायसन्सशिवायचं मेश (एकमेकांचे मेसेज पुढे पाठवणाऱ्या नोडचं जाळं) चालवायचं तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, शहरात गच्ची टू गच्ची मस्त जाते. पण उमरेडपर्यंत मधे दोनतीन उंच ठिकाणी नोड बसवावे लागतील आणि पुराच्या रात्री त्यांच्या बॅटऱ्या कोण बघेल?

प्रतापनगर_हॅम:
सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राशी बोललो, त्याचं घर खालच्या भागात आहे, मधे झाडं पण खूप, म्हणजे १० मीटरसुद्धा जमेल असं वाटत नाही. मग एचएफवर (३० मेगाहर्ट्झखालच्या लहरींवर) जाऊ का? आणि बजेट दोघांत कसं वाटू?

गच्चीवरचा_यागी:
मग माझ्या मते उमरेडसाठी एचएफच. ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, घ्या, एकूण २० मीटर तार, मधे फीड (सेटकडे जाणारी केबल), आणि मुद्दाम खाली लावा, ५-६ मीटरवर. तो सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून खाली परत येतो, म्हणून मधली झाडं, चढउतार काही आडवे येत नाहीत. दिवसा ७ मेगाहर्ट्झवर हे आपल्या अक्षांशाला छान चालते. रात्री उशिरा ४० मीटर लांबचंच ऐकवायला लागला तर ८० मीटरची तार लागेल, जागा असेल तर ती पण टाकून ठेवा, पूर रात्रीच आला होता हे लक्षात ठेवा.

मोड म्हणून जेएस८कॉल हे सॉफ्टवेअर बघा. एफटी८ या ठरीव मेसेजच्या डेटा मोडच्याच पायावर आहे पण त्यात मोकळा मजकूर लिहिता येते, पावसाळ्यातल्या कडकडाटात आवाज समजणार नाही तेव्हाही हे डिकोड होते. हळू आहे, मिनिटाला पंधरासोळा शब्द, पण औषधाचं नाव आणि पत्ता जायला तेवढं पुरते. दोन्ही लॅपटॉपची घड्याळं जुळलेली लागतात आणि इंटरनेट नसेल तेव्हा ती सरकतात, म्हणून प्रत्येकी एक यूएसबी जीपीएस घेऊन ठेवा. सेट १०० वॉटचा असला तरी २०-२५ वरच चालवा, या मोडमध्ये तो बाराबारा सेकंद सलग पूर्ण भार ओढतो आणि आपल्या मे महिन्यात टीनाच्या खाली तो भट्टी होते. बॅटरीही जास्त टिकते.

आयसी-७३०० ला साउंड कार्ड आतच आहे, एका यूएसबी केबलीत काम होते, पण तुमच्या बजेटात दोन टोकं बसायची नाहीत. डेटा सॉकेट असलेला जुना एचएफ सेट आणि बाहेरचा साधा इंटरफेस, असं दोन्हीकडे सारखंच घ्या. सारखं असलं की फोनवर एकमेकांना सेटिंग सांगता येते. सेट घ्यायच्या आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या भारावर) ट्रान्समिट करून बघा, आणि डेटा सॉकेटमधून ऑडिओ येतो का तेही तिथेच तपासा, मायक्रोफोनवर चालणारा जुना सेट त्या सॉकेटवर मुका निघालेला मी पाहिला आहे.

प्रतापनगर_हॅम:
ठरलं मग. डायपोलची तार या रविवारी टाकतो, सेट बघणं चालू करतो. शहरातल्या शहरात आत्याकडे आणि ग्रुपसाठी सीएम१०८ वाला इंटरफेस मी स्वतः सोल्डर करतो. पाटील भाऊ, ट्रान्झिस्टर कोणता टाकू, २एन२२२२ चालेल का?

पॅकेट_पाटील:
हाव, चालते. बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर टाका, आणि पहिल्यांदा जोडाल तेव्हा हँडी लो पॉवरवर ठेवा.