बेलाफोंटे : ‘कॅलिप्सो’च्या आधी आणि नंतर
अमेरिकी गायक हॅरी बेलाफोंटेची कारकीर्द ‘कॅलिप्सो’ या तबकडीने (१९५६) सुरू झाली असं कुणी म्हणेल, पण त्यात थोडी भर घालायला हवी. त्याआधी तो क्लबांमधून पॉप गायचा. त्यात मन रमेना, तेव्हा ते सोडून लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली लोकगीतांची ध्वनिमुद्रणं ऐकत बसला. जमैकात गेलेली लहानपणीची काही वर्षं आणि हा अभ्यास, दोन्ही त्या तबकडीत उतरलंय.

आणि १९६८चा तो टीव्ही कार्यक्रम! युद्धविरोधी गाणं गाताना ब्रिटिश गायिका पेट्युला क्लार्कने बेलाफोंटेच्या दंडाला हात लावला. गोऱ्या बाईने काळ्या माणसाला स्पर्श केला म्हणून प्रायोजकाचा माणूस बिथरला, पण क्लार्क बधली नाही. तोच भाग प्रसारित झाला. दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम माकेबा हिला अमेरिकेत उभं राहायला बेलाफोंटेने केलेली मदत हा तर स्वतंत्र विषय आहे.