जनुकावर हुकूम कुणाचा: डीएनएच्या गुंडाळीचा की प्रथिनांचा?

मृण्मयी: जनुक म्हणजे अक्षरांची ओळ, एवढंच शिकवून आपण मोकळे होतो याचं मला फार वाईट वाटतं. माणसाच्या एकेका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए असतो. दर १४७ अक्षरजोड्या आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याला वेढा घालून बसतात. ही गुंडाळी नुसती जागा वाचवत नाही, कोणतं जनुक बोलणार तेही ठरवते. १९३० साली अनुवंशशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी क्ष-किरण दिलेल्या फळमाश्यांचं वर्णन केलं. डोळ्याला लाल रंग देणारं जनुक शाबूत होतं, पण जागचं हलून घट्ट गुंडाळलेल्या भागाच्या शेजारी गेलं होतं. डोळा झाला लाल-पांढरा ठिपकेदार! ज्या पेशींत गुंडाळी जनुकावर पसरली, तिथे रंग गेला.

श्रीरंग: उदाहरण छान, निष्कर्ष पटत नाही. ई. कोलाय या जिवाणूकडे हिस्टोन नाहीत, तरी लॅक्टोज ही दुधातली साखर मिळाली की नेमकी जनुकं चालू होतात. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच हे मांडलं. १९८७ साली तर मायोडी या एकाच प्रथिनाने संयोजी ऊतीच्या पेशींना स्नायूच्या वाटेला लावलं. डीएनएवर नेमक्या जागी बसणारी प्रथिनं ठरवतात, गुंडाळी त्यांच्यामागून उलगडते.

मृण्मयी: मग यीस्टचं काय? १९८८ साली मायकेल ग्रुनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने एच४ हा हिस्टोनचा एक प्रकार तयार होणं थांबवलं. फो५ हे जनुक एरवी फॉस्फेट कमी पडलं तरच चालू होतं. ते फॉस्फेट असतानाही चालू झालं, आणि चालू करणारं प्रथिन जिथे बसतं तो तुकडा काढून टाकला तरीही झालं.

श्रीरंग: हिस्टोनच काढून घेतलेत तर गोंधळ होणारच. धडधाकट पेशी रोज तसं करते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तेजस्विनी: धडधाकट पेशी हवी ना? काळ्या-भगव्या ठिपक्यांची मांजरी बघा. एकाच केंद्रकात दोन एक्स गुणसूत्रं, भोवती प्रथिनं तीच, तरी एक उघडं आणि दुसरं आवळून बंद; कुठलं बंद, ते पेशीगणिक वेगळं. जनुकाचं भगवं करणारं रूप एकाच एक्सवर असतं, म्हणून अंगावर असे ठिपके उमटतात. नुसत्या प्रथिनांवर असतं तर दोन्ही एक्स सारखेच वागले असते.

श्रीरंग: पण बंद करायला सुरुवात झिस्ट नावाचा आरएनए करतो. तोही डीएनएतूनच येतो.

तेजस्विनी: सुरुवात मान्य. पण नंतर झिस्ट काढून टाकला तरी ते एक्स बहुतांशी बंदच राहतं. म्हणजे टिकवून धरणारं दुसरं काहीतरी आहे.

मृण्मयी: आणि २०१३ चा फळमाशीवरचा प्रयोग सोडू नका. एच३ हिस्टोनवरचं फक्त २७व्या जागचं लायसिन हे अमिनो आम्ल बदललं, म्हणजे तिथे बसणारी रासायनिक खूण बसेना. शरीराचा कोणता भाग कुठे घडणार ते ठरवणारी, एरवी गप्प ठेवलेली हॉक्स जनुकं भलत्याच जागी चालू झाली. इथे हिस्टोन जागेवर होते, गेली होती ती एकच खूण.

श्रीरंग: हा पुरावा मी मानतो. पण त्याआधीच्या वर्षी त्याच माशीत त्याच हिस्टोनचं चौथ्या जागचं लायसिन बदललं होतं. तिथली खूण 'चालू' जनुकांची म्हणून ओळखली जाते. ती गेली तरी जनुकं चालूच राहिली. म्हणून सरसकट 'गुंडाळी ठरवते' म्हणू नका, कोणती खूण कोणत्या जनुकावर, ते बोला.