आधी ओक ओळखा, मग मैल मोजा

सरकारी जंगलात हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या नवख्यांना सांगतात की पार्किंगपासून किमान एक मैल आत गेल्याशिवाय हरीण दिसत नाही; हे मला अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टेट गेम लँड्स (शिकारीसाठी खुली सरकारी जंगलं) पंधरा लाख एकरांहून जास्त आहेत आणि बहुतेक शिकारी गाडीपासून फार लांब जात नाहीत, हे खरं. पण नवख्याने नुसतं अंतर कापून काय होणार? व्हाइटटेलला (इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला) गर्दीपेक्षा पोटाची चिंता जास्त. रस्त्यालगतची काटेरी झुडपांची गचपणही त्यांना लपायला पुरते, आणि सगळे तिच्या शेजारून पुढे निघून जातात.

अंतराबद्दल सगळे बोलतात, हरणं ज्यांची फळं खातात त्या ओकच्या झाडांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय. व्हाइट ओकच्या पानांच्या कडा गोलसर असतात, रेड ओकची टोकं अणकुचीदार. व्हाइट ओकच्या ॲकॉर्नमध्ये (ओकच्या टणक फळांत) टॅनिन हे तुरट द्रव्य कमी, त्यामुळे हरणं आधी तीच शोधतात. शिवाय ती एकाच हंगामात पिकतात, रेड ओकची पिकायला दुसरं वर्ष उजाडतं. म्हणजे एखाद्या वर्षी व्हाइट ओक रिकामे गेले तरी रेड ओक लगडलेले असू शकतात, आणि गेल्या वर्षीची हमखास जागा यंदा ओस. ऑगस्टअखेरीस शेंड्यांवर ॲकॉर्न लागलेत का ते दुर्बिणीने बघून ठेवा. बर्फ वितळल्यावरची फेरी वेगळ्या कामाची: पालवी नसल्याने पायवाटा आणि खोडांवर शिंगं घासल्याच्या खुणा स्वच्छ दिसतात. फोनवरचा नकाशा बरा, पण सरकारी हद्दीच्या पाट्याही डोळ्यांनी बघाच.